न मिळवलेलं घड्याळ

झाकोळ आला की जुळेनगरातली माणसं हातातलं काम थांबवून आपापली घड्याळं त्याच्याशी मिळवीत. या ग्रहाला दोन सूर्य होते. ते एकमेकांना इतके खेटून फिरत की ठरलेल्या वेळी एक दुसऱ्याला झाकी आणि उजेड मंदावे. तो झाकोळ. एका झाकोळापासून पुढच्या झाकोळापर्यंतचा काळ म्हणजे दिवस. दर वेळी सगळी घड्याळं किंचित मागे पडलेली आढळत. इथली हवा घड्याळांना मानवत नाही, असं जुनी माणसं सांगत.

डॉ. हेमांगी दातीर यांनी मात्र आपलं अणुघड्याळ कधीच मिळवलं नव्हतं. ते अणूंच्या कंपनांवर चाले. सूर्यांशी त्याचा संबंध नव्हता. लोक त्यांना हसत. आता त्या नव्हत्या. वर्षभरात गेलेल्यांची घड्याळं त्यांच्या वारसानं उत्सवाच्या झाकोळाशी मिळवायची, असा रिवाज होता. त्यासाठीच नगरप्रमुख भास्कर उंडे हेमांगीबाईंच्या मुलीकडे, ऋजुताकडे, आले. आईसारखी तीही खगोलशास्त्रज्ञच होती.

बाईंचा हट्ट बाईंबरोबर गेला, आता मिळवून टाका, असं त्यांनी समजुतीनं सांगितलं. ती ऐकेना, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे सगळ्या गावाची घड्याळं चूक आणि तुमच्या घरचं तेवढं बरोबर?”

“गावाची घड्याळं बरोबरच आहेत, काका. तुम्ही ती रोज चुकवता.”

मग तिनं समजावलं. सूर्य इतके जवळ आहेत की एकमेकांना ओढून त्यांचे आकार लांबुळके झाले आहेत. त्या ओढाताणीत त्यांच्यातला वायू बाहेर फेकला जातो आणि जाताना जोडीची थोडी गती घेऊन जातो. जोडी आत सरकते, आणि आत सरकेल तशी जास्त वेगानं फिरते. मोरीच्या तोंडाशी पाणी गरगरतं, तसं. घड्याळं मागे पडत नव्हती. झाकोळच लवकर येत होते. एक दिवस दोन्ही सूर्य एकमेकांत कोसळतील आणि त्या भडक्यात इथलं काहीच उरणार नाही.

“कधी?”

“तुमची नात इथं म्हातारी होणार नाही.”

हेमांगीबाई हयात असताना ग्रह सोडून जाण्यासाठी अवकाशयानं बांधायची त्यांची मागणी उंडे यांनीच दोनदा फेटाळली होती.

शेवटी असं ठरलं. हेमांगीबाईंनी अंथरुणावरूनच, कित्येक महिने आधी, या उत्सवाचा झाकोळ किती लवकर येईल याचं गणित मांडून त्या क्षणाचा घड्याळाला गजर लावला होता. गजर आणि झाकोळ एकाच वेळी आले, तर यानांचं काम सुरू करायचं. नाहीतर ऋजुतानं सगळ्यांसमोर घड्याळ मिळवायचं.

उत्सवाला चौक भरला. घड्याळ ओट्यावर ठेवलं होतं. उंडे ऋजुताच्या शेजारी उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “राग मानू नका, ताई. पण बाई चुकलेल्या असोत, एवढंच मागतोय मी देवाकडे.”

तिनं मान हलवली. ती काय मागत होती, ते तिनं सांगितलं नाही.

गजर वाजला आणि उजेड मंदावला. मागेपुढे नाही, एकदमच.

कुणाचाही हात आपल्या घड्याळाकडे गेला नाही. मागे एक बाई लेकराला छातीशी धरून रडू लागली. उंडे ओट्याच्या कडेला बसले. ऋजुता ताठ उभी होती. इतकी वर्षं हसलेल्या गावासमोर तिची आई क्षणाचीही चूक न करता बरोबर ठरली होती. तो आनंद तिला चेहऱ्यावरून पुसता येईना. आणि उंडेकाका खालून तिच्या चेहऱ्याकडेच पाहत होते.