तीनशे अडुसष्ट पांढऱ्या शॉर्ट्स

बैठक चौथ्या मजल्यावर होती, लिफ्ट बंद होती, आणि जिन्यात माझ्यापुढे एक माणूस दोन पाय खांद्यावर घेऊन चढत होता.

नुसते पाय, कमरेपासून खालचे. कपड्यांच्या दुकानात असतो तसला पुतळा, फक्त वरचा अर्धा भाग नसलेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो गर्रकन वळला आणि पुतळ्याची टाच माझ्या कपाळावर बसली.

"अरे... लागलं का हो?"

"नाही. मला लाथा खायची सवय आहे."

खरंच होती. अकरा वर्षं मी फुटबॉल खेळले, बचावफळीत, पाच नंबरची जर्सी घालून. मग गुडघा गेला, खेळ सुटला, पण नंबर काही सुटला नाही. फुटबॉल संघटनेच्या ऑफिसात शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे मला पाच नंबरच म्हणतात.

"मग जरा ह्यांचे पाय धरता? मी दमलोय," तो म्हणाला.

"पहिल्याच भेटीत?"

तो हसला, आणि त्याचे कान लाल झाले. आधी कान, मग मान, मग गळा, अशा क्रमाने. मी डावा पाय धरला, त्याने उजवा, आणि उरलेले दोन मजले आम्ही ती अर्धी बाई मधे घेऊन चढलो. वर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती. जिन्यामुळे असेल... असं मी स्वतःला सांगितलं.

हे पाय आमच्याच बैठकीला आले होते. तो दुधाच्या कंपनीचा डिझायनर होता, आणि दुधाची कंपनी म्हणजे आमची अन्नदाती. आठ देशांच्या महिला संघांची निमंत्रित स्पर्धा, बारा दिवस, दोन मैदानं, पंधरा सामने, हे सगळं दोन वर्षं फक्त माझ्या वहीत होतं. पैशासाठी मी दारोदार फिरले. सिमेंटवाले म्हणाले, पुरुषांचं काही असेल तर या. विमा कंपनीने चहा पाजला आणि कॅलेंडर दिलं. सरकार अनुदान द्यायला तयार झालं, पण आठही संघ आले तरच. शेवटी दूधवाले पावले. विमानाची तिकिटं, हॉटेलं, पंच, रुग्णवाहिका सगळं त्यांचं, आणि सगळ्या संघांचे कपडेसुद्धा.

टेबलाभोवती अकरा पुरुष होते आणि मी होते. टेबलावर मधोमध ते पाय उभे, पांढरीशुभ्र शॉर्ट घालून.

कंपनीच्या साहेबांनी समजावून सांगितलं. शर्ट ज्याच्या त्याच्या देशाच्या रंगाचे, पण शॉर्ट सगळ्यांची पांढरी, दुधासारखी. टीव्हीवर हिरव्या गवतावर काय उठून दिसेल. माना डोलल्या. बिस्किटांची बशी फिरली. एवढ्यात तो म्हणाला, "आपण ह्यांना विचारू या. ह्या खेळलेल्या आहेत. तुम्हाला काही अडचण वाटते का?"

बाकी कुणी मला काही विचारलं नव्हतं. त्यानेच विचारलं, आणि पेन्सिल हातात धरून खरोखर थांबला.

अडचण मला सोळाव्या वर्षीच कळली होती. शाळेच्या अंतिम सामन्यात मी पांढरी शॉर्ट घातली होती. उत्तरार्धात कठड्यावर बसलेली मुलं हसायला लागली, आणि ती का हसतायत हे मैदानावर सगळ्यात शेवटी मला कळलं. सरांनी मला बाहेर बोलावलं, कुणाचा तरी स्वेटर कमरेला बांधला आणि पंचांना सांगितलं, मुलगी दमली. मी दमले नव्हते. घरी आईने ती शॉर्ट गार पाण्यात भिजवली, टॉवेलच्या आड वाळत घातली आणि एवढंच म्हणाली, बाबांसमोर बोलू नकोस. पुढे खेळले तेवढी वर्षं, पांढरी शॉर्ट असली की मी आत दोन काळ्या घालायचे आणि बॉलपेक्षा स्वतःच्या मागे जास्त बघायचे. संघातली प्रत्येक मुलगी तेच करायची. सगळ्या जणी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होतो.

हे सांगायला एकच शब्द पुरला असता. पाळी. पण समोर अकरा पुरुष बिस्किटं खात होते... आणि तो माझ्याकडे इतक्या आशेने बघत होता...

"छान आहे," मी म्हणाले. "खूपच छान."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं असेल, लाजली. तशी लाजलेच होते, पण त्यांना वाटली ती लाज नव्हे.

पुढचे सहा आठवडे तो एक दिवसाआड ऑफिसात यायचा. कधी तिकिटाचा नमुना घेऊन, कधी खेळाडूंच्या ओळखपत्रांचा. तीन वेळा तर एकच फलक दाखवायला आला, आणि तिन्ही वेळा त्यात काहीही बदललेलं नव्हतं. आमच्या शिपायाने विचारलं, ह्यांना पगार आपण देतो का?

एका सकाळी आम्ही जाहिरातींच्या पाट्यांसाठी मैदान मोजत होतो. टेपचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

"पाच नंबर," तो लांबून म्हणाला, "बचावफळीतून आत शिरायला वाट कुठून असते हो?"

"तुम्ही ऑफसाइडला सापडाल."

"शिट्टी कोण वाजवणार?"

"बघू..."

माळ्याने नेमका तेव्हाच पाण्याचा नळ सोडला. गवतातले फवारे फिरत फिरत आमच्याकडे आले आणि दोघं नखशिखांत भिजलो. मला पळता येत नाही, गुडघा धरतो. तो पळू शकत होता, पण पळाला नाही. टेप गुंडाळत गुंडाळत भर फवाऱ्यातून माझ्यापर्यंत आला, आणि टेप संपल्यावर आमच्यात एक वीतभर अंतर उरलं. त्याच्या पापण्यांवर पाणी होतं. मी आनंदात होते, अगदी वेड्यासारखी आनंदात.

आणि तेव्हाच तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही छान म्हणालात ना... साहेब माझं काहीच मान्य करत नाहीत. तुमच्या एका शब्दावर ते काम पास झालं."

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, ह्याला कळलंय. पण त्याला काही कळलं नव्हतं, तो बिचारा आभार मानत होता. मी म्हणाले, रंग जरा गडद असता तर मातीचे डाग दिसले नसते, नाही? ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. तो म्हणाला, मातीचे डाग तर छानच दिसतील, खेळल्यासारखे. मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता कापड कापलं गेलं. आठ संघ, संघाला तेवीस मुली, प्रत्येकीला दोन. तीनशे अडुसष्ट शॉर्ट्स शिवून तयार झाल्या, आणि नमुन्याचे फोटो सगळ्या देशांना गेले.

स्पर्धेला पाच आठवडे असताना पत्र आलं. आठांपैकी सहा संघांच्या कप्तानांच्या सह्या होत्या, आणि सगळ्यात वर सही आमच्याच कप्तानाची. ती माझ्या शेजारी सहा वर्षं खेळलेली. तो पत्राची प्रत घेऊन मैदानावर आला. मी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून हॉटेलच्या खोल्यांची यादी करत होते. तो शेजारी बसला, मधे बरीच जागा सोडून.

"वाचून दाखवतो," तो म्हणाला. त्याचा आवाज कोरडा पडला होता. पत्रात सरळ लिहिलं होतं. बारा दिवसांची स्पर्धा आहे, प्रत्येक संघात कुणा ना कुणाची पाळी असणारच, आणि पांढऱ्या शॉर्टमध्ये आम्ही खेळणार नाही. रंग बदला, नाहीतर आम्ही येत नाही. शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं. "तुमच्या बैठकीत एकही बाई नव्हती का?"

मग तो स्वतःलाच बोल लावत बसला. घरी तीन बहिणी आहेत, मला कळायला नको का? साहेबांना पांढरा रंग हवा होता, पण तो कुठे घालायचा हे माझं काम होतं. साहेब म्हणालेत, ज्याने केलं त्याने उद्या बैठकीत उभं राहून निस्तरावं आणि परवापासून येऊ नये. सहा संघ गेले तर अनुदान जाईल, तुमची दोन वर्षं जातील. तुमच्याकडे बघायला तोंड नाही मला.

"होती," मी म्हणाले.

"काय?"

"बाई. बैठकीत एक होती."

तो माझ्याकडे वळला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सोळाव्या वर्षापासून."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"सगळ्यांसमोर विचारलंत. तो शब्द तोंडातून निघेना..."

"मग नंतर? सहा आठवडे मी एकटाच तर समोर होतो."

ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते आणखी लाजिरवाणं होतं. तो उठला. पत्राच्या चार घड्या घातल्या, पुन्हा उलगडल्या. "मला वाटायचं, तुम्ही माझ्याशी खरं बोलता," तो म्हणाला आणि निघून गेला. मी यादीतल्या त्याच त्या खोल्या पुन्हा पुन्हा लिहीत बसले.

दुसऱ्या दिवशी अकराला बैठक बसली. तेच अकरा जण. तो माझ्याकडे बघत नव्हता. साहेबांनी पत्र टेबलावर सरकवलं आणि म्हणाले, बोला. तो उभा राहिला.

"चूक माझी आहे. पूर्णपणे माझी. मी कुणालाही विचारलं नाही."

काल माझ्यावर एवढा चिडलेला माणूस आज माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलत होता. भर बैठकीत, नोकरी घालवून! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठले तेव्हा खुर्ची मागे पडली, ती कुणी उचलली नाही.

"विचारलं होतं," मी म्हणाले. "मला विचारलं होतं, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. पांढऱ्या शॉर्टमध्ये पाळीच्या दिवसांत खेळता येत नाही. मला माहीत होतं, आणि मी छान म्हणाले."

पाळी हा शब्द टेबलावर पडला आणि अध्यक्ष पंख्याकडे बघू लागले. खजिनदारांनी चष्मा पुसायला काढला. छत काही कोसळलं नाही. मी सोळा वर्षांची असल्यापासून ज्या शब्दाला घाबरत होते, तो इतका लहान निघाला.

साहेबांनी विचारलं, "अहो, मग तेव्हा बोलला का नाहीत?"

खोटं बोलायचं आता त्राणच उरलं नव्हतं.

"दोन कारणं आहेत. एक, तुम्ही अकरा पुरुष होतात आणि मला लाज वाटली. आणि दुसरं..." मी थांबले. माझे कान तापले, मग मान तापली. "दुसरं म्हणजे, ज्यांनी ते डिझाइन काढलं होतं, ते मला जिन्यातच आवडले होते. त्यांचं मन मोडवेना. चूक माझी आहे, शिक्षा मला द्या."

टेबलाच्या कडेला आमचे लेखनिक बसले होते. बैठकीत जे जे होतं ते वहीत लिहून घ्यायचं, हेच ते तीस वर्षं करत आलेत. त्यांनी मान वर न करता विचारलं, "शॉर्टचा रंग गडद निळा करावा, असा ठराव समजू? सूचक पाच नंबर. अनुमोदक कोण?"

मुख्य पंचांनी हात वर केला. म्हणाले, घरी दोन मुली आहेत. साहेबांनी मनातल्या मनात काही आकडे जुळवले, उद्घाटनाची आतषबाजी रद्द करून तो खर्च इकडे वळवा म्हणाले, आणि त्याच्याकडे वळून म्हणाले, येऊ नको म्हणालो होतो ते विसर, उद्याच ये. नवी चित्रं लागतील.

लेखनिकांनी ओळ पूर्ण केली, पान उलटलं.

"आणि ते दुसरं कारण? ते लिहायचं तर त्यालाही अनुमोदक लागेल."

अध्यक्ष अजून पंख्याकडेच बघत होते. मी टेबलाकडे बघत होते. लाकडात एक रेघ होती, ती कुठून कुठे जाते ते नीट पाहून घेतलं. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, त्या शाळेच्या सामन्यातसुद्धा नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग कुणीतरी हलकेच खाकरलं.

"माझं आहे," तो म्हणाला. "अनुमोदन. ... जिन्यापासूनच."

"हात वर करा, तसा नियम आहे," लेखनिक म्हणाले.

त्याने हात वर केला. लेखनिक सावकाश लिहीत होते, आणि तो हात वर तसाच धरून उभा होता, कानापासून गळ्यापर्यंत लाल. मला मान वर करून बघायची फार लाज वाटत होती. तरी मी बघितलं.