त्रेचाळीस घरांची चौकशी

नळाची तोटी उज्वलानं डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, वरून तळहातानं थापटलीसुद्धा. आतून एक मुंगळा बाहेर आला, तिच्याकडे बघून परत आत गेला.

"पाणी सोडलं नसेल अजून," मागून आवाज आला. "नाहीतर धो धो येतं."

मोटरसायकलला टेकून एक तरुण उभा होता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, चपलांवर वाडीच्या वाटेची धूळ. हसणं मात्र स्वच्छ.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी स्वतः प्यायलोय. नळयोजना पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही माझीच आहे ना... प्रीतम. इथला ग्रामसेवक."

"बरं झालं भेटलात." उज्वलानं वही उघडली. "मी उज्वला. नेरळहून आलेय, सामाजिक लेखापरीक्षणाला."

हसणं जरा आक्रसलं, पण गेलं नाही. हे उज्वलाच्या नजरेतून सुटलं नाही. तिचं कामच तसं होतं. पंचायतीच्या कागदावर जे झालंय ते खरंच झालंय का, हे घरोघरी जाऊन विचारायचं आणि सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. ज्यानं सही केली असेल त्यानं तिथंच उभं राहून उत्तर द्यायचं.

या कामाचा एक नियम होता. चौकशी चालू असताना पंचायतीच्या माणसानं घराजवळ फिरकायचं नाही, नाहीतर लोक मोकळं बोलत नाहीत. पण मागितला तो कागद दाखवायला हजर तर राहायलाच हवं. मग चार दिवस असं चाललं – ती एकेका ओट्यावर बसून प्रश्न विचारायची, आणि तो तीस पावलांवर, आंब्याखाली, मांडीवर फाइल घेऊन बसायचा.

तीस पावलांवरून फार बोलता येत नाही. बघता मात्र येतं. आणि दोघंही बघत होती, कागदांकडे सोडून.

"आज माझ्याबद्दल काय म्हणाले लोक?" दुसऱ्या दिवशी वाडीवरून उतरताना त्यानं विचारलं.

"ते गुप्त असतं."

"चांगलं की वाईट, एवढं तरी?"

"दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावत नाही म्हणे. आणि फोन उचलतो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी फक्त विचारते. म्हणत नाही."

"एकदा म्हणून तर बघा..."

उज्वलानं ओढणी सारखी केली. ती आधीच सारखी होती. उतारावरच्या गवतावर दुपारचं ऊन सांडलं होतं, कुठल्याशा शेतातून शिजत्या वालाचा वास येत होता, आणि तिला उगाचच सगळं आवडत होतं.

चौथ्या दिवशी त्रेचाळीसावं, शेवटचं घर राहिलं, भागीआजीचं. नळ कोरडा आहे एवढं बाकीच्यांनी सांगितलं होतं; का, ते कुणीच नाही. आजी शेंगा सोलत बसली होती.

"आजी, नळाला पाणी कधी आलं होतं?"

"आलतं की. भाऊसाहेब, ह्यो गिरामसेवक, बघाया आलता तवा."

"आणि नंतर?"

"आदी बी नाय, नंतर बी नाय. मोटारीला लाइटच जोडली नाय, तर पानी टाकीत चढंल कसं?"

"मग त्या दिवशी कसं आलं?"

"आमीच भरली टाकी. साठ हंडे. पहाटंपासनं बाया टेकाड चढत व्हत्या."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुनी नाय. नवा पोरगा, पैल्यांदा वाडीवर येनार. कोरडा नळ बघून त्याला कसं वाटंल गं? ठेकेदार म्हनला व्हता, आठ दिसांत लाइट येतेय. म्हनलं, तवर पोराचा मान ऱ्हावा." मग आजीनं आवाज खाली आणला. "त्याचं नाव नको लिवू. पानी प्याला, आन् गोड हाय म्हनला व्हता."

उज्वलाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. प्रीतमची सही बघून ठेकेदाराचं बिल निघालं होतं. पैसे घेऊन ठेकेदार जो गेला, तो फिरकलाच नव्हता. आठ महिने वाडीतल्या बाया खालच्या विहिरीवरून पाणी वाहत होत्या. आणि ज्याला त्यांनी भर उन्हाळ्यात साठ हंड्यांचा मान दिला, त्याला त्याचा पत्ताच नव्हता; त्याला वाईट वाटू नये म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं.

'योजना अपूर्ण' एवढंच लिहिलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. पण मग उत्तरही कुणी दिलं नसतं. नाव लिहिलं तर त्याच्यावर कारवाई होणार. आणि आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय, हे तिनं नेमकं त्याच क्षणी स्वतःशी कबूल केलं. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

तिनं नाव लिहिलं.

"काही सापडलं?" उतरताना त्यानं विचारलं.

"उद्या कळेल."

"माझ्याविरुद्ध?"

तिनं वही मिटून पिशवीत ठेवली.

"मग मोठ्यानं वाचा," तो म्हणाला. "मागं बसलेल्या बायकांना ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी, झेंडावंदनानंतर, शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. उज्वलानं मोठ्यानं वाचलं. साठ हंडे वाचले, न जोडलेली वीज वाचली. सही करणाऱ्याचं नाव आलं, तेही तेवढ्याच मोठ्यानं वाचलं.

"याचं उत्तर मागाहून लेखी देऊ," सरपंच आनंदीबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"नको बाई, आत्ताच देतो." प्रीतम उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "सही माझी आहे. मी नळ बघितला. टाकी बघायला, मोटार बघायला गेलो नाही. वाडीनं मला मान दिला, आणि मी ती तपासणी समजलो. चूक माझी आहे."

तो खाली बसला.

"आयकू आलं," मागून भागीआजी म्हणाली.

ठराव झाला. ठेकेदाराची अनामत रोखायची, महिनाभरात वीज जोडून घ्यायची. प्रीतमच्या चुकीचा अहवाल वर पाठवायचा, हेही त्याच ठरावात आलं, आणि तो मजकूर त्यानंच स्वतःच्या हातानं लिहिला.

सभा पांगल्यावर तो तिच्यासमोर येऊन थांबला, अगदी दोन पावलांवर.

"संपलं ना लेखापरीक्षण?"

"संपलं."

"मग सांगतो. मला तू आवडतेस... आज वाचत होतीस तेव्हा तर जास्तच."

"तुम्हाला नोटीस येईल."

"तिला उत्तर देईन. पण याचं उत्तर कोण देणार?"

उज्वलानं वही छातीशी धरली. "नेरळला ये. आईला भेट." आपण 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आलो, हे तिला त्याच्या चेहऱ्याकडे बघून कळलं.

मार्चमधल्या एका रविवारी तो आला. "जयभीम, काकू," म्हणत उज्वलाच्या आईच्या, मालनबाईंच्या पाया पडला. खुर्चीत नीट टेकलाही नव्हता, तोच बोलायला लागला.

"काकू, आधी एक सांगतो. माझी वर्षाची पगारवाढ थांबलीय. न बघता सही केली होती, म्हणून."

"आणि पाणी?"

"येतंय आता, रोज सकाळी. या वेळी टाकीवर चढून बघितलं."

मालनबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग लेकीकडे वळल्या.

"माणूस कसा आहे, काही चौकशी केलीस का गं?"

"त्रेचाळीस घरांत केलीय, आई."

"मग?"

"तक्रार एकच निघाली," उज्वला म्हणाली. "ती त्यानं आत्ता स्वतःच सांगितली."