पुसलेल्या दोनशे बारा खुणा

त्या शुक्रवारी दुपारी शैलजाताई मेथी निवडता निवडता सूर्य ऐकत होत्या. कानाला हेडफोन, समोर टॅब्लेट. शिट्टी ऐकू आली की हात पदराला पुसून त्या पडद्यावर खूण करत.

सूर्यावर स्फोट झाला की इलेक्ट्रॉनांचे झोत बाहेर फेकले जातात, त्यांतून रेडिओलहरी निघतात. ‘सौरश्रुती’ यान त्या टिपायचं आणि त्यांच्या लेकीचा, मृण्मयीचा संगणक त्यांची वरून खाली घसरणारी शिट्टी करायचा. टिपलेलं सगळं पृथ्वीवर पाठवणं यानाला शक्य नव्हतं. काय ठेवायचं, काय टाकायचं हे त्याच्यावरची एक प्रणाली ठरवी. तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत. चाळणी माणसांनी केलेल्या खुणांवरून शिके. मृण्मयीच्या पीएच.डी.ला तयार कान घरातच मिळाला होता. आईची उमेदीची वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली होती.

“मिने, या मोठ्या शिट्टीआधी एक बारीक कुजबुज आहे बघ.”

“आई, ती यानाचीच खरखर आहे.”

“खरखर मला शिकवू नकोस. पलीकडचा माणूस नुसता खोकला तरी कोण ते सांगायचे मी. खरखर एका जागी बसून असते. हे उतरतंय.”

“बरं बाई,” म्हणून मृण्मयी चहा टाकायला उठली. संध्याकाळी आपल्या संगणकावरच्या प्रतीतून तीन आठवड्यांच्या नोंदींतल्या कुजबुजींच्या दोनशे बारा खुणा पुसून तिने चाळणीला शिकवायची फाइल पाठवून दिली. आईला सांगितलं नाही. उगाच वाद कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवताना आई कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

नऊ महिन्यांनी दुसरं एक यान पृथ्वीजवळ आलं आणि त्याने साठवलेल्या नोंदी उतरवल्या. सूर्याच्या अगदी जवळून जाताना त्याने तीन आठवडे ऐकलं होतं. आईने ऐकलेले तेच आठवडे. मोठ्या शिट्ट्यांच्या वीसेक मिनिटं आधी त्या नोंदींच्या आलेखात एकेक बारीक, उतरती रेघ होती.

मार्गदर्शक डॉ. खांबेट्यांचा लगेच फोन आला. “चंद्रावरच्या तळावरच्या लोकांना सूर्याच्या किरणोत्सारापासून आडोसा गाठायला वीस मिनिटं म्हणजे पुष्कळ गं. पण आपल्या यानाला हे दिसलं कसं नाही?”

“दिसत होतं, सर. मी चाळणीला ते टाकायला शिकवलं.”



“म्हणजे हे नऊ महिने?”

“गेले. परत मिळणार नाहीत.”

“फाइलवर सही माझीही आहे,” ते म्हणाले. “आता नव्याने शिकवायला खुणा आहेत का कुणाच्या?”

तिने आईचा टॅब्लेट त्या दिवसापासून उघडला नव्हता. उघडला. मूळ खुणा जशाच्या तशा होत्या. दोनशे बारांपैकी एकशे नव्वद दुसऱ्या यानाच्या रेघांशी जुळल्या. उरलेल्या बावीस ठिकाणी त्या यानालाही काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

“त्या बावीस वगळ आणि चारच्या आत पाठव, चारला यानाशी संपर्क आहे,” सर म्हणाले.

तिने एकही वगळली नाही. चारला पाच मिनिटं असताना पूर्ण फाइल रवाना झाली. स्वयंपाकघरात ती एकटीच होती, तरी ती मोठ्याने बोलली.

“आई, तुझ्या खुणा मी पुसल्या होत्या. तुला न सांगता. मला वाटलं, तुझा कान चुकतोय. नव्हता चुकत.”

मग थोड्या वेळाने म्हणाली, “त्या बावीस ठिकाणी काय ऐकलंस गं तू?”