अर्थिंगला पाणी

वीज गेली म्हणून पोरं गच्चीवर निवृत्तीनानांभोवती जमली. नाना म्हणाले, "भूत म्हणाल तर मी पाहिलेलं नाही. पण मोहिनीचं सांगतो. माझ्या मावसभावाची सून. खोटं वाटलं तर तिलाच जाऊन विचारा."

मोहिनीचं घर गंगापूर रोडच्या मागं, नव्या वसाहतीत. आजूबाजूची घरं कुलपातली. नवरा अश्विन इगतपुरीला रेल्वेत, निम्म्या रात्री ड्यूटीवर. घरात ती आणि नुकतंच पावलं टाकायला लागलेलं पोरगं, आयुष. दिवस दिवस बोलायला माणूस नाही. एक भिमाजी वायरमन तेवढा यायचा. त्या घरांची वायरिंग त्यानंच केलेली. तोही एकटाच. उन्हाळा लागला की घराघरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचा, वर मूठभर खडेमीठ टाकायचा.

मोहिनी हसायची. "भिमाजीबाबा, खड्ड्याला काय कोंब फुटणारेत का?"

"ताई, जमीन ओली असली की वाट चुकलेला करंट मुकाट खाली उतरतो आणि मेन स्विच पडून वीज तुटते. कोरडी पडली, की तो माणसातून वाट काढतो."

मग मागच्या पायरीवर बसून चहा प्यायचा, जायचा.

चैत्रात भिमाजी वारला. खड्ड्याची आठवण कोणाला राहणार?

वैशाखातली अमावस्या. आयुषचं अंग घामोळ्यांनी भरलेलं, रडून रडून जीव अर्धा झालेला. मोहिनीनं पंचवटीतून भावाकडचा जुना लोखंडी कूलर रिक्षात घालून आणला. लावला, तर हाताला झिणझिण्या आल्या. तिनं अश्विनला फोन केला.

"अगं, चप्पल घालून हात लाव. सकाळी नाथा वायरमनला बोलव."

"आणि आयुष?"

"त्याला भिंतीकडून झोपव की. किती घाबरतेस!"

तिनं पोराला भिंतीकडून झोपवलं, कडेला उशा रचल्या. गार वाऱ्यानं तो झोपला. तिचाही डोळा लागला.

मध्यरात्री जाग आली. कूलर घरघरत होता. त्या आवाजाखाली दुसराच आवाज... मागं कोणीतरी पाणी ओततंय. बादलीची कडी वाजली.

"कोण आहे?"

...

ती मागच्या खिडकीशी गेली. मोबाइलचा उजेड टाकला. कोणी नाही. खड्ड्यावरची फरशी सरकवलेली. आत पाणी मुरत होतं. बुड... बुड...

ती वळली.

अंथरूण रिकामं.

आयुष कूलरपाशी उभा. अनवाणी. हात पुढं केलेला.

ती धावली, मोबाइल हातातून निसटून विझला...

खट्.

मेन पडला. अंधार. पंखा रेंगाळत थांबला. आणि त्या अंधारात कूलरच्या पत्र्यावर इवल्या तळव्यांची थाप... थाप... आयुष खिदळत होता.

पहाटेपर्यंत ती पोराला उराशी धरून मागच्या दाराला टेकून बसली. पलीकडं पायरीवर कोणीतरी बसलंय, असं वाटत राहिलं. दार उघडायचा धीर झाला नाही. उठून आत जावंसंही वाटेना.

सकाळी नाथानं कूलर उघडला. त्याचा चेहराच उतरला.

"वहिनी, सगळा करंट पत्र्यात उतरलेला. खड्डा ओला होता म्हणून मेन पडला, नाहीतर... पाणी कधी घातलंत?"

मोहिनीनं मागचं दार उघडलं.

दोघं मागं गेले. खड्ड्याभोवती चिखल. त्यावर मूठभर खडेमीठ. नाथानं वाकून थोडं उचललं. बोटं चिखलानं माखली.

मीठ मात्र कोरडं... खडखडीत.