चिचगडच्या रानातली जोडी

नावनोंदणीच्या टेबलामागच्या माणसानं दुर्गेश्वरीकडं न बघताच नकाशा उमेंद्रच्या हातात दिला, आणि तिचं डोकं तिथंच सणकलं.

चिचगडच्या बाहेर, जिथं धानाची शेवटची बांधी संपते आणि सागाचं रान सुरू होतं, तिथं मंडप टाकला होता. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात शिरायचं, नकाशावर गोल केलेल्या जागा शोधायच्या, तिथं झाडाला टांगलेल्या केशरी झेंडीजवळच्या चिमट्यानं आपापल्या कार्डाला भोक पाडायचं आणि सगळ्यांच्या आधी परत यायचं, अशी ती शर्यत. धावायचं जोडीनं. एकानं दुसऱ्याला सोडलं तर दोघंही बाद.

दुर्गेश्वरी कॉलेजात असताना एनसीसीत नकाशा वाचायला शिकली होती, आणि आता गोंदियातल्या एका शाळेत खेळ शिकवत होती. तिला रेणूसोबत, म्हणजे शाळेतल्या मैत्रिणीसोबत धावायचं होतं. पण तिचे वडील शालीकराम यांनी जेवताजेवता सांगून टाकलं, "रानात पोरीपोरी कायले पाहिजे? उमेंद्रले घेऊन जाय." उमेंद्र तिचा धाकटा भाऊ. सैन्यभरतीची तयारी करत होता, घोड्यासारखा धावायचा आणि नकाशातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. शिवाय नाकावर राग. नागरा गावाजवळच्या त्यांच्या घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवून उठणारा.

"दे इकडं," ती म्हणाली.

"मी पाहतो ना. तू मागं ये."

ती मागं गेली. दात आवळून.

पहिल्या झेंड्या सोप्या होत्या. फेब्रुवारीतलं रान, सागाची पानं गळून जमिनीवर थर साचलेला, पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज. खाली नाल्यात गार हवा, वर उन्हाचा चटका. कुठंतरी वानरं खॅक खॅक करत होती. आजूबाजूला दुसऱ्या जोड्यांच्या हाका ऐकू येत होत्या, मग हळूहळू त्या लांब गेल्या.

दोन टेकड्यांच्या मधल्या घळीत उमेंद्र थांबला. नकाशावर नाला डावीकडं वळत होता. समोरचा नाला सरळ वर चढत गेला होता, अंगावर येणाऱ्या काळ्या दगडांमधून.

"नकाशाच गलत आहे," तो म्हणाला.

"नकाशा बरोबर आहे. तू उलटा धरला असशील." तिनं नकाशा हिसकावला. उलटा नव्हता. होकायंत्र लावून पाहिलं. दिशाही बरोबर होती. फक्त नाला जिथं असायला हवा तिथं नव्हता. पण हे कबूल करायला ती तयार नव्हती. "मघाशी दोनदा सांगितलं, टेकडीच्या उजव्या धारेनं चल. ऐकलं?"

"मी तुझा नौकर आहो काय? बाबानं म्हटलं म्हणून आलो. माझी भरती हाये पुढच्या महिन्यात, पाय मुरगळला तर तू देशील काय नौकरी?"

"कोणी बोलावलं होतं तुला? कधी कोणतं काम धड केलंस?"

"तूच एक शहाणी घरात! म्हणून तर लग्न जमून नाही राहिलं तुझं!"

दुर्गेश्वरीनं त्याच्याकडं पाठ फिरवली.

"यायचं तर ये. नाही तर राहा मग इथंच," ती म्हणाली, आणि चढायला लागली.

मागं पानं वाजली. तो येत होता. येतायेता बडबडत होता. तिच्या शाळेवरून, तिच्या तोऱ्यावरून, लहानपणी बोदलकसाच्या तलावावर तिनं त्याला कसं रडवलं होतं त्यावरून. तिनं ठरवलं, मागं वळून बघायचंच नाही. चढण उभी होती. बांबूची मुळं धरून वर जावं लागत होतं. घाम डोळ्यांत उतरत होता.

बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की वानरं गप्प झाली आहेत. पाखरंही. रानात दोनच आवाज उरले होते, तिची पावलं आणि त्याची. पण त्याचं बोलणं मध्येच फार खालून यायचं, घळीच्या तळातून आल्यासारखं, आणि पावलं मात्र तिच्या पाठीशीच असायची.

"ताई, थांब ना."

ती थांबली नाही.

"ताई, हळू चाल. समोर पाह्य ना. कोण बसला हाये तिथं?"

आवाजातला राग गेला होता. तिनं मान वर केली.

टेकडीच्या माथ्यावर, मोहाच्या झाडाला टांगलेल्या झेंडीखाली, एका दगडावर उमेंद्र बसला होता. तोच लाल टीशर्ट, तेच बूट. हात मांडीवर ठेवून तिच्या वाटेकडं बघत होता.

मागची पावलं थांबली.

दुर्गेश्वरीनं झटकन वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. उतारावर नुसती पानं होती, आणि त्यातली काही अजून हलत होती.

"किती उशीर केला, ताई," दगडावरचा उमेंद्र म्हणाला.

"तू... तू पुढं कधी आला?"

"वरून आलो. धारेनं. तू सांगितलं होतं ना."

तिचा श्वास फुलला होता, कुडता अंगाला चिकटला होता. त्याचा टीशर्ट कोरडा होता. तिला भीती वाटायला हवी होती. पण त्या क्षणी तिला फक्त संताप आला. हा पळत पुढं आला आणि मागून कोणीतरी टवाळ पोरगा आवाज काढत होता, आपली गंमत करत होता, असंच तिनं स्वतःला सांगितलं. तिनं कार्डाला भोक पाडलं, त्याच्यासमोर चिमटा आदळला.

"आता मी सांगेन तसंच चालायचं."

"हो ताई," तो म्हणाला.

उतरताना मागून हाक आली. लांबून, फाटलेल्या आवाजात. "ताई! ओ ताई!" मग काहीतरी रागानं ओरडणं, शब्द न कळणारं.

तिनं उमेंद्रकडं पाहिलं.

"दुसरी जोडी असन," तो शांतपणे म्हणाला. "भाऊबहीण."

तिनं मान हलवली आणि चालत राहिली. ते शेवटच्या नाल्यापर्यंत ऐकू येत होतं. त्यांनी पाण्यात पाय टाकला आणि ते बंद झालं.

ते पहिले आले. मंडपात ढाल घेताना तिनं सहज विचारलं, इथं भाऊबहिणीची दुसरी जोडी कोणती? माईकवाल्यानं सांगितलं, तुमचीच एक.

घरी आल्यावर सगळ्यांत आधी आई, देवकाबाई, खूश झाली. उमेंद्र ताट सरकवेना. वाढेल ते मुकाट खायचा. शेजारच्या टिकारामनं धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडून त्यांच्या उन्हाळी धानाचं पाणी आपल्या बांधीत वळवलं, तर एरवी फावडं घेऊन धावणारा पोरगा धुऱ्यावर उभा राहून नुसता बघत राहिला. भरतीची तारीख आली आणि गेली. तो गेला नाही आणि त्याला वाईटही वाटलं नाही. "जंगलात जाऊन शहाणा झाला रे पोट्टा," शालीकराम सगळ्यांना सांगत फिरायचे.

दुर्गेश्वरी मात्र आतून जळायला लागली. भिंतीवर डोकं आपटावं तसं ती त्याच्याशी भांडायला जायची. मुद्दाम त्याचा चहा सांडायची. आळशी म्हणायची, नालायक म्हणायची. तो म्हणायचा, "हो ताई." एके दिवशी, घरी कोणी नसताना, तिनं त्याच्या कानाखाली मारली. सगळी ताकद लावून.

तो हलला नाही. त्यानं तिच्या हाताकडं पाहिलं.

"लागलं काय तुले?" त्यानं विचारलं.

त्या रात्री तिला झोप आली नाही. आपला भाऊ असं कधीच विचारणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. तिला त्याच्या तोंडची शिवी हवी होती. आदळआपट हवी होती. ढाल तिनं पलंगाखाली ढकलून दिली होती.

मे महिन्यात ती त्याला म्हणाली, "मला चिचगडला ने."

काऊन, कशाला, असं त्यानं विचारलं नाही. गाडी काढली.

दुपार होती. मंडपाच्या जागी आता नुसती भेगाळलेली जमीन होती. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया केव्हाच परतल्या होत्या. सागाच्या नागड्या फांद्यांमागं ती टेकडी उन्हात थरथरत दिसत होती. दुर्गेश्वरी नाल्यापर्यंत चालत गेली. नाला आटला होता. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"उमेंद्र!"

काही नाही.

"मूर्खा! घरी यायची अक्कल नाही का तुला? कधी एक काम धड केलंस?" तिचा आवाज चिरकला. "ऐकू येते का? बोल ना रे!"

झळ अंगावरून गेली. एक पान पडलं.

मग घळीतून, फार लांबून आलं. घसा पार बसलेला. पण संताप तोच.

"आता आली काय? आता?"

दुर्गेश्वरी कोरड्या नाल्यात एक पाऊल उतरली आणि मग तिनं वळून गाडीकडं पाहिलं.

तो सीटवर बाटलीतलं पाणी ओतून हातानं पुसत होता, तिला चटका बसू नये म्हणून. त्यानं वर पाहिलं नाही.

"चल ताई," तो म्हणाला. "रोजच ओरडते तो. पहिले लय ओरडे. आता कमी झाला."