घड्याळजींच्या नावाची सिगारेट

बसा रे. दाराजवळच्याने दार लोटून घ्या. आणि लांब्या, तू त्या खिडकीतून खाली उतर, तुझी सावली भिंतीवर पडली की मलाच दचकायला होतं. भुताचं सांगा म्हणताय तर सांगतो, पण ऐकीव नाही. माझ्या नाकावर हा चष्मा आहे ना, तो ज्याने बनवला त्याच्या घरात घडलेलं आहे. काच बसवता बसवता त्यानेच सांगितलं मला, आणि सांगताना तीनदा काच हातातून निसटली.

त्याला सगळे चष्म्या म्हणायचे. स्वतःच्या नाकावर चष्मा, आणि बाजारातल्या चष्म्यांच्या दुकानात काचा घासायचा. बायको, चार वर्षांची छोटी, आणि दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या तीन खोल्या. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. हसरा, हाताने गुणी. फक्त खोटं असं बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, खरं बोलणारेच फसवे.

छोटीला दमा होता. एका रात्री तिला दवाखान्यात नेऊन नळी लावावी लागली. तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून चष्म्याने बायकोला शब्द दिला, "आजपासून सिगारेट बंद." आणि त्याने बंद केलीही. बायकोसमोर.

रात्री दोघी झोपल्या की हा मागच्या लहान खोलीत जायचा. दिवा लावायचा नाही. खिडकीशी भिंतीला खांदा टेकून उभा राहायचा आणि एक ओढायचा. मग दात घासायचा, कोपरापर्यंत साबण लावायचा, शर्ट धुण्यात टाकायचा. खून करून आलेला माणूससुद्धा एवढी काळजी घेत नसेल. पण धूर कुणाचं ऐकतो का? आधीच्या घरात बायकोच्या नाकाला वास लागला तेव्हा खाली बेकरी होती, तिच्यावर भागलं. या घराखाली शिवणाचं दुकान. शिवणयंत्रातून काही धूर निघत नाही. आता आळ घ्यायचा कुणावर?

तेव्हा त्याला घड्याळजी सापडले.

घड्याळजी म्हणजे त्या खोल्यांमधले आधीचे भाडेकरू. घड्याळं दुरुस्त करायचे. म्हातारे, एकटे. दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. मागे ना बायको, ना पोर, ना भांडायला येणारा भाऊ. आळ घ्यायला याहून सोयीचा माणूस शोधून मिळाला नसता.

"हा त्या घड्याळवाल्याचा वास," चष्म्या बायकोला म्हणाला. "वर्षानुवर्षं ओढत बसला असणार. भिंतीत मुरतो गं असा वास. सहजी निघत नाही."

तिने विश्वास ठेवला. नवऱ्यावर ठेवायचा नाही तर कुणावर? ओढणी कमरेला खोचून ती कामाला लागली. पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या. पंख्याची पाती, कपाटाचे माथे, दारांच्या वरच्या कडा, जिथे जिथे धूर बसतो तिथे तिथे हात घातला. कोपऱ्याकोपऱ्यात व्हिनेगरच्या वाट्या ठेवल्या. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भिंती पुसून पुसून तिच्या तळहातांची सालं निघाली. चष्म्यानेही सुट्टी काढून रंगाचे दोन हात मारले. रंग सुकायच्या आत, त्याच रात्री, खिडकीशी उभा.

हसताय होय? हसा. पुढे जमायचं नाही.

"मेला तो मेला, वर वास ठेवून गेला," भिंत घासताना बायको म्हणायची, आणि सगळ्यात मोठ्याने चष्म्या हसायचा. छोटी खोकून खोकून थकली की विचारायची, "बाबा, घड्याळवाले आजोबा वाईट होते ना?"

"हो बाळा. फार वाईट."

आता बघा, माझी शाळा लवकर सुटली, पण एवढं मला कळतं. या घरात घड्याळजींचा वास आहे, असं ती तिघं उठताबसता म्हणायची. वास नाकाला येतो तसा माणूस घरात वास करूनही असतो. रोज कुणीतरी तुमचं नाव घेऊन म्हणतंय, तो इथेच आहे, इथेच आहे... तुम्ही असता तर आला नसता?

एकदा जिन्यात घरमालकीण काकू भेटल्या. चष्म्याने सहज विषय काढला, "काकू, आधीचे फार ओढायचे वाटतं?"

"कोण, घड्याळजी?" काकू थांबल्याच. "अरे, खाली कुणी पालापाचोळा पेटवला तरी खिडक्या लावून घ्यायचे ते. धुराने घड्याळाच्या आतलं काळं पडतं म्हणायचे. दिवसभर एक ओलं फडकं घेऊन पुसत बसायचे."

"हिला नका सांगू हे."

"का?"

चष्म्या चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या बोटांकडे. आणि हळूच म्हणाल्या, "मेलेल्या माणसाच्या तोंडात सिगारेट कोंबलीस होय रे?"

तो हसला. काकू हसल्या नाहीत. पण त्या कुणाकडे बोलल्याही नाहीत. दुसऱ्याच्या संसारात कशाला पडा, या विचाराने किती संसार पडले असतील, कोण जाणे.

मग फेब्रुवारी संपता संपता छोटीला पुन्हा धाप लागली. या वेळी ओठ निळे पडले. दवाखान्यातून बायको घरी आलीच नाही, तशीच भावाकडे गेली. तिथून तिने फोन केला. ओरडली नाही की रडली नाही.

"आज शनिवार. उद्या सकाळी मी एकटी येते. घरभर फिरून बघते. वास आला तर आम्ही तिथे राहायला येणार नाही. कधीच नाही."

"घर बदलू ना आपण."

"किती बदलायची? सगळीकडे कुणी ना कुणी ओढून गेलेलाच असतो."

फोन ठेवला. पोरगी जाईल, बायको जाईल... हे त्याला पहिल्यांदाच खरंखुरं कळलं.

तर ती रात्र. फेब्रुवारीतली शेवटची, शनिवारची. वारा अजिबात नव्हता. चष्म्याने बादली भरली, सोडा घातला, स्पंज घेतला आणि मोठ्या खोलीपासून सुरुवात केली. माणूस मनावर घेतो तेव्हा काय करतो, ते त्या रात्री केलं त्याने. छत पुसलं. दिव्यांची बटणं पुसली. मोठ्या खोलीतला, स्वयंपाकघरातला वास खरोखर गेला. राहिली फक्त मागची लहान खोली. तेवढ्यात फोन वाजला. छोटीचा आवाज, पाण्यातून यावा तसा.

"बाबा, गेले का ते आजोबा?"

"गेले बाळा. हाकलून दिलं मी."

"मग मी येऊ?"

"उद्या ये हं."

फोन ठेवून तो लहान खोलीत आला. बादली मोठ्या खोलीतच राहिली होती. पाठ मोडून आली होती. दिवा बंद केला. खिडकीशी गेला. नुसतं उभं राहायचं, म्हणाला मला. नुसतं. पण पाकीट खिडकीच्या वर, चौकटीमागे होतं... आणि हात आपोआप गेला.

शेवटची. ही भिंत तर पुसायचीच आहे अजून.

पेटवली. खांदा भिंतीला टेकला. आणि मस्करी सुचली त्याला. मोठ्याने म्हणाला, "घड्याळजी, ही तुमच्या नावाची."

पहिला झुरका. दुसरा.

मोठ्या खोलीत पाणी वाजलं.

बादलीत स्पंज बुडवल्यासारखं. मग पिळल्यासारखं. थेंब... थेंब...

"आलीस का गं?"



मग भिंतीवर स्पंज फिरल्याचा आवाज. घाई नाही. लहान लहान गोल. भिंगाखाली धरून काहीतरी पुसावं तसे. गोल. गोल. थांबा. पुन्हा पाणी. पुन्हा पिळणं.

"कोण आहे?"

आवाज बोळात आला. बोळाची भिंत. दाराची चौकट. मग या खोलीत.

दारात कुणी नव्हतं. पण रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून येत होता, आणि त्यात भिंत चमकत होती... ओली होत चालली होती. कोपऱ्यापासून. वरपासून खालपर्यंत. त्याच्याकडे.

हलावं म्हटलं. खांदा सुटेना भिंतीपासून. हात तसाच, तोंडाशी. सिगारेट जळतेय.

गोल. गोल.

पाठीशी आला आवाज. मग मानेशी. गार पाण्याची कड मानेला लागली. केसांवरून गेली. कपाळ. चष्म्याची काडी, तिच्या वरून एक, खालून एक. नाक. अगदी सांभाळून... कुठेही धक्का न लावता. मग कोपर. मनगट. बोटं. बोटांमधली सिगारेट, तिच्या टोकापर्यंत...

त्याने डोळे मिटले.

कानापाशी कुणीतरी श्वास घेतला. लांब. नाकाने. वास घ्यावा तसा.

मग काहीच नाही.

तो जिन्यात उजाडेपर्यंत बसला होता. परत आत पाऊल टाकलं नाही.

सकाळी बायको आली. त्याच्या चेहऱ्याकडे न बघताच आत गेली. पडद्यात नाक खुपसलं, कपाटं उघडली, गादीवर वाकली, भिंतीला गाल लावला. आणि खोलीच्या मधोमध उभी राहून रडायला लागली.

"गेला रे. खरंच गेला. कसलाच वास नाही." डोळे पुसत हसली. "किती शिव्या दिल्या मी त्या म्हाताऱ्याला."

"जाऊ दे गं आता," चष्म्या दारातूनच म्हणाला.

ती लहान खोलीत गेली.

...

"इकडे ये," ती म्हणाली.

खोलीची भिंत दुधासारखी पांढरी झाली होती. आणि खिडकीजवळ तिच्यावर एक माणूस होता. पिवळा, तपकिरी, जुन्या दातांच्या रंगाचा. बाजूने दिसणारा. नाक, नाकावर चष्मा, चष्म्याची काडी कानामागे गेलेली. हात वर. दोन बोटं ओठांशी, आणि बोटांमधून बाहेर आलेली एक बारीक रेघ.

भिंतीला दोन आठवड्यांपूर्वीच नवा रंग दिला होता. एवढं पिवळं व्हायला वर्षं लागतात.

"उभा राहा तिथे," बायको म्हणाली.

"अगं..."

"उभा राहा. हात वर कर."

तो उभा राहिला. हात वर केला. भिंतीवरचा माणूस त्याच्यामागे पूर्ण झाकला गेला. कड कुठेच उरली नाही.

तिने ते पाहिलं. मग स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. चपला घातल्या. उंबऱ्यावर थांबून एवढंच म्हणाली, "घराला वास नाही. तुला आहे."

छोटी आता बरी असते, मामाकडे. दम्याचा पंप क्वचितच लागतो. चष्म्या दुकानाच्या मागच्या खोलीत झोपतो. सिगारेट सुटली त्याची, पण आता सुटून करायची काय?

त्या खोल्यांना नवे भाडेकरू बघायला येतात. काकूंनी त्या भिंतीला तीनदा रंग दिला, एकदा वरून कागद चिकटवला. पंधरवड्यात तो माणूस पुन्हा वर येतो, तसाच, हात तोंडाशी. आता काकूंनी नाद सोडला. कुणी विचारलंच की आधी कोण राहत होतं, तर त्या सरळ लहान खोलीचं दार उघडतात.

"हा. हा ओढायचा."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी घड्याळजी होते," काकू म्हणतात. "फार स्वच्छ माणूस."