सत्तेचाळीस नंबरचा दगड

मनस्विनी, दार ओढून घे आणि बस. ही माझ्या मित्राची गोष्ट. खरी आहे असं मी म्हणतो, पण पुरावा मागशील तर माझी पंचाईत होईल.

परशुराम आठल्ये रत्नागिरीच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायचा. तिथल्या संग्रहालयात तांब्याच्या खनिजांचं एक कपाट होतं. त्यात सत्तेचाळीस नंबरचा हिरवा दगड. परशुरामच्या बायकोनं, हेमानं, त्यातून एक नवं खनिज शोधलं होतं. ज्या तुकड्यावरून पहिली ओळख पटते, तो मूळ नमुना. असा तुकडा जगात एकच. शेजारी त्याच खडकाचा दुसरा तुकडा असायचा, दिसायला अगदी तसाच. फरक एवढाच, की नमुन्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका होता आणि त्यावर हेमाच्या अक्षरात ४७.

हेमा गेली. पुढच्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या संग्रहालयानं तो नमुना मागितला.

१२ डिसेंबर २०२३. मंगळवार, अमावास्या. सकाळी माणसं न्यायला येणार होती. मूलबाळ नव्हतं. लेकीला सासरी धाडताना न्हाऊ घालावं, तसे परशुरामनं संध्याकाळी दोन्ही दगड साबणाच्या कोमट पाण्यात धुतले. एकाच घमेल्यात. ठिपका सुटून गेला.

पहारेकरी संदेश म्हणाला, "सर, दगड तो दगड. दोन्ही देऊन टाका नि घरी चला."

"दोन्ही दिले तर एकही तिचा राहणार नाही रे."

"मग करताय काय?"

"बसतो."

रात्रीचे साडेअकरा. संदेश फाटकावर. आत परशुराम एकटा.

हेमा असती तर आधी ओरडली असती, "अहो, हात धुतलेत? तांबं पोटात जाईल!" रोजचं वाक्य. तो रोज चिडायचा.

"हेमा... कुठला गं?"

त्यानं दोन्ही दगड हातात फिरवून पाहिले, परत ठेवले.

मग कोपऱ्यातला नळ सुटला.

तो उठला. नळ बंद केला. वळला.

डाव्या दगडावर पांढरा ठिपका. त्यावर ४७. चाराची शेपटी लांब, तिच्या सवयीची.

नळ पुन्हा सुटला.

त्याचं उजवं मनगट कुणीतरी धरलं. हळूच नळाकडे ओढलं...

"धुतो गं... पण मग तू जाशील."

...

मनगट सुटलं. त्यानं हात धुतला नाही.

सकाळी दगड पुण्याला गेला.

परवा मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो डाव्या हातानं जेवत होता. मी विचारलं नाही. त्यानंच उजवं मनगट पुढे केलं. त्यावर पांढऱ्या रंगाचे चार ठसे. बोटांचे.

मी एकाला हात लावून पाहिला.

रंग अजून ओला होता.